सहलीआधीची सहल

दोस्तांनो, सहलीला जायचं ठरलं की तुमच्या घरी सगळ्यांत आधी काय होतं? कुणी माळ्यावरची बॅग काढतं, कुणी चिवड्याचे डबे भरायला घेतं, आणि भावंडांची खिडकीजवळच्या जागेवरून भांडणं सुरू होतात. खरं ना? आमच्या घरी मात्र सगळ्यांत आधी निघते एक दोनशे पानी वही. तिच्या पहिल्या पानावर जायच्या ठिकाणाचं नाव लिहायचं आणि पुढच्या पानांवर फक्त प्रश्न. वही निम्मी भरेपर्यंत बॅगेला हात लावायचा नाही, असा आमचा नियमच आहे म्हणा ना!

यंदाच्या वहीवर नाव आहे ‘किंग रँच’. आज तुम्हांला सांगणार आहे ती त्या वहीचीच गोष्ट. सहल अजून व्हायची आहे बरं का! पण मला विचाराल, तर ती अर्धी होऊनसुद्धा गेली आहे.

आम्ही राहतो अमेरिकेत, टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरात. या हिवाळ्यात माझे वडील आमच्याकडे आले आहेत. त्यांना आम्ही सगळे ‘आबा’ म्हणतो. आबा सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी भागातले. पंच्याहत्तरी ओलांडली तरी पाठ ताठ. सगळा जन्म खिलार बैलांच्या संगतीत गेलेला. खरसुंडीच्या यात्रेत खोंड नुसता चालवून बघितला की त्याचं वय, गुण आणि खोड सांगणारा माणूस!

नाताळच्या सुट्टीनंतर माझ्या दोन्ही मुलांनी टुमणं लावलं, “आबांना रँच दाखवू या!” रँच म्हणजे गुरांचं प्रचंड मोठं कुरण. तिथे हजारो गुरं मोकळी चरतात आणि त्यांच्यामागे घोड्यांवरून गुराखी फिरतात. ते गुराखी म्हणजेच सिनेमातले काऊबॉय. आमच्या घरापासून चारेकशे किलोमीटरवर किंग्जव्हिल नावाचं गाव आहे. त्याच्या आसपास पसरलेला किंग रँच अमेरिकेतल्या सगळ्यांत मोठ्या आणि जुन्या रँचपैकी एक. १८५३ साली सुरू झालेला, आणि १९६१ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून गौरवलेला. जमीन किती असेल? आठ लाख पंचवीस हजार एकर! म्हणजे सुमारे ३,३४० चौरस किलोमीटर. आपलं अख्खं गोवा राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं आहे. गोव्याहून थोडीशीच लहान जमीन, आणि तीही एकाच घराण्याच्या कंपनीची. डोळ्यांपुढे आणून बघा!

मुलांना वाटलं, आबा खूष होतील. पण आबांनी जेवता जेवता हात थांबवला.

“कशाला पाळत्यात ती गुरं?” त्यांनी विचारलं.

थोरला गप्प. धाकटी माझ्याकडे बघायला लागली. उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. ही गुरं दुधासाठी नाहीत आणि नांगराला जुंपायलाही नाहीत. ती मांसासाठी वाढवतात.

“मग त्यात काय बघायचं?” आबा म्हणाले. “बेंदराला मी बैलांच्या शिंगांना रंग लावलाय, त्यांना पुरणपोळी चारलीय. शेवटी कापायचीच असतील तर त्यांचं कौतुक मला नका दाखवू. तुम्ही जावा. मी हितं थांबतो.”

मी आग्रह केला नाही. आबांना मी लहानपणापासून ओळखते. आग्रहानं ते जेवतात, पण मत बदलत नाहीत! आणि त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखंही नव्हतं. मी मुलांना एवढंच सांगितलं, “वही काढा. आबा येवोत न येवोत, आपण तयारी तर करू.”

थोरल्यानं घेतले काऊबॉय. धाकटीनं घेतली जनावरं. माझ्याकडे आला इतिहास आणि रस्ता. शनिवारी वाचनालयातून पुस्तकं आणली आणि रोज रात्री जेवणानंतर ज्यानं त्यानं आपलं वाचलेलं सांगायचं असं ठरलं. आबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर पेपर वाचत बसायचे. निदान तसं दाखवायचे तरी!

पहिली पाळी थोरल्याची. त्यानं पहिल्याच दिवशी आम्हांला चकित केलं. काऊबॉयचं बहुतेक सगळं सामान आणि त्यातले निम्मे शब्द मुळात अमेरिकन इंग्रजीतले नाहीतच! ते आले मेक्सिकोच्या स्पॅनिश बोलणाऱ्या गुराख्यांकडून. त्या गुराख्यांना म्हणत ‘वाकेरो’. ‘वाका’ म्हणजे गाय. वाकेरो म्हणजे गाईवाला. ‘रँच’ हा शब्द ‘रांचो’वरून आला, ‘लॅसो’ म्हणजे फेकायचा फास ‘लासो’वरून. ‘रोडिओ’ हा खेळाचा शब्दही त्यांचाच. मूळ अर्थ गुरांना चहूकडून घेरून एकत्र आणणं. टेक्सास अमेरिकेत येण्याच्या कितीतरी आधीपासून हे वाकेरो इथं गुरं राखत होते. सिनेमातला काऊबॉय नेहमी गोरा असतो. खऱ्या काऊबॉयांत मेक्सिकन आणि काळे लोक मोठ्या संख्येनं होते.

“आणि आई, बंदुकीची मारामारी रोज नव्हतीच! रोज काय असायचं, तर धूळ,” थोरला म्हणाला.

खरंच आहे ते. १८६५ साली अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं. टेक्सासमधे गुरं उदंड झाली होती. इथं एक जनावर चार-पाच डॉलरला जायचं, तर उत्तरेकडच्या बाजारात त्याचेच तीस-चाळीस डॉलर यायचे. पण रेल्वे होती दूर कॅन्सस राज्यात. मग काय करायचं? गुरं चालवत न्यायची! दोन-अडीच हजारांचा कळप, त्याच्यामागे दहा-बारा घोडेस्वार, एक स्वयंपाक्याची गाडी; आणि रोजची चाल पंधरा-वीस किलोमीटर. पाऊस, पूर, रात्री विजांनी बुजून उधळणारा कळप... असे महिनेच्या महिने जायचे. किंग रँचचे कळपही असेच उत्तरेला जात. पुढे रेल्वे टेक्सासमधे शिरली, काटेरी तारांची कुंपणं आली आणि हा पायी प्रवास थांबला. काऊबॉयचा तो सगळा सुप्रसिद्ध काळ जेमतेम वीस वर्षांचा!

“एवढी चाल असली तर जनावर वाटेतच वाळत असंल,” कोपऱ्यातून आवाज आला. पेपर मात्र डोळ्यांसमोरच होता.

थोरल्यानं लगेच वहीत लिहिलं : ‘प्रश्न ४. लांबच्या चालीत गुरांचं वजन कसं टिकवत?’ (उत्तर आम्हांला नंतर सापडलं : घाई करायची नाही, चरत चरत न्यायचं.)

दुसऱ्या रात्री माझी पाळी. मी सांगितली रिचर्ड किंगची गोष्ट. हा मुलगा १८२४ साली न्यूयॉर्कमधे एका गरीब आयरिश घरात जन्मला. अकरा वर्षांचा असताना बोटीत लपून पळाला आणि मोठेपणी नदीतल्या आगबोटीचा कप्तान झाला. १८५२ साली तो घोड्यावरून दक्षिण टेक्सासच्या रखरखीत माळावरून चालला होता. वाटेत सान्ता गर्ट्रूडिस नावाचा ओढा लागला. सावली, पाणी, गवत. तिथंच त्याच्या मनात रँच भरला. पुढच्याच वर्षी त्यानं तिथली साडेपंधरा हजार एकर जमीन घेतली. किंमत किती? फक्त ३०० डॉलर! एकराला दोन सेंटसुद्धा पडले नाहीत.

“इतकी स्वस्त कशी?” धाकटीनं विचारलं.

फार चांगला प्रश्न. ही जमीन मेक्सिकन कुटुंबाच्या नावावर होती. त्याच्याही आधी या मुलखात मूळचे आदिवासी लोक राहत होते. रोगराई, लढाया आणि हकालपट्टी यांनी ते इथून जवळजवळ नाहीसे झाले. पुढे अमेरिका आणि मेक्सिको यांचं युद्ध झालं आणि १८४८ पासून हा भाग पक्का अमेरिकेचा झाला. सरहद्द हलली की जमिनीची किंमत आणि मालकी दोन्ही हलतात. त्या काळात अनेक मेक्सिकन कुटुंबांच्या हातून जमिनी अशा कवडीमोलानं गेल्या. वहीत प्रश्न लिहिला : ‘ज्यांची जमीन होती, त्यांचं नाव रँचवर कुठे लिहिलं आहे का?’

मग मी पुढची हकिगत सांगायला घेतली. जमीन झाली, आता गुरं हवीत. १८५४ च्या सुमारास किंग सरहद्दीपलीकडे मेक्सिकोत गेला. तिथे क्रुयास नावाच्या गावात दुष्काळ पडला होता. पाऊस नाही, चारा नाही. गावकऱ्यांनी होतं नव्हतं ते सगळं जनावर त्याला विकून टाकलं.

पेपर खाली आला. आबांनी चष्मा काढला.

“सगळी जनावरं?”

“हो, आबा. सगळी.”

आबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मुलांना जवळ बसवून घेतलं आणि १९७२ सालच्या दुष्काळाचं सांगितलं. मुलांनो, तुमच्या आजी-आजोबांनाही विचारा. महाराष्ट्रात तो दुष्काळ आठवत नाही असं म्हातारं माणूस विरळा. आबा तेव्हा ऐन विशीतले. विहिरी तळाला गेलेल्या. माणसांसाठी रस्त्याच्या, तलावाच्या कामावर खडी फोडायचा रोजगार तरी होता. जनावरांना काय घालायचं? आबांच्या वडिलांनी दावणीची चार जनावरं बाजारात नेली. तिथं सगळाच गाव विकायला आलेला, घेणारा कुणी नाही. आलेल्या पैशांत कडब्याची एक गाडीसुद्धा मिळाली नसती. संध्याकाळी वडील परत आले ते नुसती दावी हातात घेऊन. आबांच्या आईनं ती दावी धुतली आणि खुंटीला अडकवून ठेवली. उद्या परत लागतील म्हणून!

ही गोष्ट मी, त्यांची मुलगी, पहिल्यांदाच ऐकत होते.

“मग त्या गावाचं काय झालं?” आबांनी मला विचारलं. “विकत घेणारा तर गेला असंल निघून.”

इथेच तर या रँचची सगळ्यांत वेगळी गोष्ट आहे! रँचवर पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ती अशी : किंग गुरं घेऊन निघाला खरा; पण थोडं अंतर गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की या लोकांची जनावरं आपण नेली, आता ते जगायचे कशावर? तो मागं फिरला. गावाला म्हणाला, सगळेच चला. राहायला घर, खायला अन्न आणि मजुरी मी देतो. तुम्ही गुरं राखा. आणि खरोखरच शंभरावर माणसं, बाया-पोरं, म्हातारे, भांडीकुंडी घेऊन त्याच्याबरोबर टेक्सासला आली. त्यांना लोक म्हणू लागले ‘किनेन्यो’, म्हणजे किंगची माणसं. त्यांची पोरं, नातवंडं, पणतवंडं त्याच रँचवर वाढली आणि गुराखी झाली. किंगला तर गुरांतलं फारसं काही कळत नव्हतं. तो बोटवाला! रँच उभा राहिला तो या वाकेरोंच्या अंगातल्या विद्येवर.

“म्हणजे किंग चांगला माणूस होता!” थोरल्यानं निकाल दिला.

“थांब,” आबा म्हणाले. “गुरं नेली, पण राखायला माणसं नकोत व्हय? त्याचाबी फायदा होताच की. पण मागं फिरला, एवढं खरं. आमच्या बाजारात कुणी फिरलं नव्हतं.”

“पण आबा, जमीन मिळाली का त्या लोकांना?” धाकटी.

नाही. घर मिळालं, काम मिळालं, पुढे शाळाही झाली. पण जमीन राहिली किंगच्याच नावावर. एका गोष्टीत दोन्ही खरं असू शकतं, हे त्या रात्री मुलांना मी न सांगताच समजलं.

आबांनी वही मागून घेतली. आपल्या वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं : ‘त्या दुष्काळी गावची माणसं आज कुठे आहेत? भेटतील काय?’

तिसऱ्या रात्री धाकटीची जनावरं. आता आबांची खुर्ची कोपऱ्यातून टेबलाजवळ आली होती.

किंग १८८५ साली वारला. मागं राहिली पाच लाख एकर जमीन आणि पाच लाख डॉलर कर्ज. त्याची बायको हेन्रिएटा हिनं जावई रॉबर्ट क्लेबर्ग याच्या मदतीनं ते ओझं पेललं आणि पुढची चाळीस वर्षं रँच सांभाळला. पण एक शत्रू होता ज्याच्यापुढे कर्जसुद्धा काहीच नाही. ओळखा पाहू कोण? एवढासा गोचीड!

टेक्सासची गुरं जिथे जिथे जात, तिथली उत्तरेकडची गुरं तापानं पटापट मरत. टेक्सासची मात्र धडधाकट! कुणाला उलगडा होईना. शेवटी १८९३ साली थिओबाल्ड स्मिथ आणि त्याच्या सहकाऱ्यानं सिद्ध केलं, की हा रोग गोचीड पसरवतो. एखादा किडा रोग वाहून नेतो हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारं हे सुरुवातीचंच संशोधन. डास हिवताप पसरवतो हे रोनाल्ड रॉसनं आपल्या सिकंदराबादेत शोधलं ते त्यानंतर चार वर्षांनी, १८९७ मधे! क्लेबर्गनं मग रँचवर औषधी पाण्याचा लांबट हौद बांधला. गुरं एका टोकानं आत उतरायची, पोहत दुसऱ्या टोकाला निघायची, आणि अंगावरचे गोचीड मरायचे.

“आम्ही हातानं वेचायचो,” आबा म्हणाले. “एकेका जनावराला तास लागायचा.”

“आता खरी गंमत ऐका,” धाकटी म्हणाली. तिचे डोळे नुसते चमकत होते. “त्यांच्याकडे शॉर्टहॉर्न नावाची इंग्लंडची गुरं होती. अंगानं भरलेली, पण टेक्सासच्या उन्हात धापा टाकायची. गोचीडही खूप लागायचे. मग त्यांनी दुसऱ्या एका देशाची गुरं आणली. उन्हाला न भिणारी, गोचिडांना दाद न देणारी, आणि पाठीवर...” तिनं हातानं उंचवटा करून दाखवला.

“वशिंड!” आबा ओरडले.

होय दोस्तांनो, वशिंडवाली भारतीय गुरं! त्यांना अमेरिकेत ‘ब्राह्मन’ असं नाव पडलं. १९०६ साली त्यांची एक मोठी तुकडी भारतातून टेक्सासला पोचली. गीर, कांकरेज, ओंगोल आणि काही प्रमाणात आपली कृष्णाकाठची ‘कृष्णा व्हॅली’ अशा जातींपासून अमेरिकन ब्राह्मन गुरं तयार झाली. गळ्याखाली लोंबणारी सैल कातडी, तुळतुळीत आखूड केस, भरपूर घाम गाळणारं अंग. उन्हात टिकायला याहून चांगलं काय हवं? किंग रँचनं शॉर्टहॉर्न आणि ब्राह्मन यांचा संकर वर्षानुवर्षं नेटानं केला. १९२० साली एक लालबुंद खोंड जन्मला. त्याचं नाव ठेवलं मंकी, म्हणजे माकड! त्याची संतती त्याच्याचसारखी निघू लागली आणि तिच्यापासून एक नवी जात तयार झाली. आठांतले पाच भाग शॉर्टहॉर्न, तीन भाग ब्राह्मन. ओढ्याच्या नावावरून जातीचं नाव सान्ता गर्ट्रूडिस. १९४० साली सरकारनं तिला मान्यता दिली. अमेरिकेत तयार झालेली ही मांसाच्या गुरांची पहिली जात.

आबा मनाशीच बोलल्यासारखे म्हणाले, “कृष्णाकाठची ती जात मी पाहिलीय. थोराड. काळ्या रानातल्या चिखलात नांगर ओढायची. आमची खिलार चपळ, ती ताकदीची.” कृष्णा व्हॅली ही जात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सांगली-मिरजेकडच्या संस्थानिकांच्या प्रोत्साहनानं तयार झाली होती. ट्रॅक्टर आले आणि तिचं काम संपलं. आज तिची जनावरं फार थोडी उरली आहेत. म्हणजे पाहा, कृष्णेच्या काठी जिला शोधावं लागतं, तिच्या रक्ताचा एखादा अंश टेक्सासच्या माळावर चरतो आहे!

आणखी एक पाहुणा सांगायचा राहिला. किंग रँचवर १९२० च्या दशकापासून नीलगाई आणून सोडल्या. तीच नीलगाय, जिला आपल्या विदर्भात ‘रोही’ म्हणतात आणि जिच्यामुळे शेतकरी रात्र रात्र राखणीला जागतो! आज दक्षिण टेक्सासमधे त्या हजारोंनी आहेत. कुंपणं ओलांडून हिंडतात आणि अंगावरून पुन्हा तोच गोचीड पसरवतात. भारताच्या एका जनावरानं गोचिडाला तोंड द्यायला मदत केली, आणि दुसऱ्यानं त्याला फिरायला वाहन दिलं. आहे की नाही गंमत?

पण धाकटीनं एवढ्यावर थांबू दिलं नाही. लहान मुलं मोठ्यांनी टाळलेलं बरोबर विचारतात. ती म्हणाली, “आबा, पण ते गुरं मारतात. मग तुम्ही येणार की नाही?”

आबा बराच वेळ वहीच्या पानावर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, “मारतात. मला ते पटत न्हाई, आणि पटणारबी न्हाई. पण ट्रॅक्टर आला तेव्हा माझी शेवटची बैलजोडी मीच विकली. घेणाऱ्यानं पुढं तिचं काय केलं, ते मी विचारलं न्हाई. विचारायचं धाडस झालं न्हाई. हे लोक निदान उघड सांगतात. मी येतो. मोठ्या वाड्यापुढं फोटो काढायला न्हाई. त्या राखणाऱ्या माणसांशी बोलायला येतो.”

मुलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. धाकटी फक्त आबांच्या जवळ सरकून बसली.

आता उरली माझी कामाची यादी. तीही सांगते, कारण कुठल्याही ऐतिहासिक जागी जाताना ती उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट : हा रँच खासगी आहे आणि अजून चालू आहे. मनाला येईल तसं आत शिरता येत नाही. त्यांच्या ठरावीक फेऱ्यांतूनच जावं लागतं, म्हणून आधी चौकशी आणि नोंदणी. मालकांचा प्रसिद्ध पांढरा वाडा बाहेरूनच बघायचा. ते कुटुंबाचं घर आहे. दुसरी : ऋतू. उन्हाळ्यात तिथे पस्तीस अंशांच्या वर तापतं. म्हणून आम्ही फेब्रुवारी निवडला, आबांनाही सोसेल. तिसरी : आधी संग्रहालय, मग रँच. किंग्जव्हिल गावात एका जुन्या बर्फाच्या कारखान्याच्या इमारतीत संग्रहालय आहे. तिथे जुनी खोगिरं, गाड्या, छायाचित्रं नीट बघितली की माळावर गेल्यावर डोळ्यांना काय शोधायचं ते कळतं. चौथी : बंद बूट, टोपी, पाणी आणि दुर्बीण. पक्षी तिथे भरपूर आहेत.

आणि पाचवी : वही! तिच्यात आता एकतीस प्रश्न झाले आहेत. धाकटीला गुरांवरचा ‘धावता डब्ल्यू’ हा रँचचा डाग बघायचा आहे, आणि डागताना वासराला किती दुखतं हे विचारायचं आहे. थोरल्याला माहीत करून घ्यायचं आहे, की आज गुरं हाकायला घोडा लागतो की हेलिकॉप्टर! आबांना विचारायचं आहे, पाऊस न पडलेल्या वर्षी हे लोक चाऱ्याचं काय करतात. आणि मला? १९२५ साली हेन्रिएटा किंग वारली तेव्हा सुमारे दोनशे किनेन्यो घोडेस्वार तिच्या अंत्ययात्रेला आले होते आणि त्यांनी तिच्या थडग्याभोवती घोड्यांवरून एक फेरी मारली होती. ते घोडेस्वार मनात काय म्हणत असतील? मला वाटतं, याचं उत्तर पुस्तकात नाही. कदाचित एखाद्या म्हाताऱ्या वाकेरोच्या नातवाला आपल्या आजोबांनी सांगितलेलं आठवत असेल.

मुलांनो, तुम्हांला टेक्सासला जायला नको. रायगड असो, जवळची जुनी गिरणी असो की गावची जनावरांची यात्रा असो, जायच्या आठवडाभर आधी वही काढा. प्रत्येक जागेला चार प्रश्न विचारा : हे बांधलं कुणी? राबलं कोण? आधी इथे कोण होतं? आणि यातलं मला काय पटत नाही? हो, चौथाही लिहा. न पटणाऱ्या जागीसुद्धा जावं, फक्त प्रश्न घेऊन जावं.

आणि आई-बाबांनो, तुम्हांला एक सांगू? मुलं प्रश्न लिहीत असतील तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांची खुर्ची टेबलाजवळ ओढा. खुंटीला अडकवलेल्या दाव्यांची एखादी गोष्ट तुमच्याही घरात सांगायची राहून गेली असेल.